कारण लेखी द्या, मराठीत द्या

7 जून 2023 रोजी कोल्हापुरात दगडफेक आधी झाली आणि इंटरनेट नंतर बंद झालं. हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो, कारण त्या दिवसाचा विषय निघाला की बोलता बोलता तो उलटा होतो आणि ‘नेट बंद केलं म्हणून शहर वाचलं’ असं कुणीतरी सहज म्हणून जातं. घडलं ते असं. काही तरुणांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्या संदर्भात आक्षेपार्ह स्टेटस ठेवली. तक्रारी झाल्या, गुन्हेही दाखल झाले. तरीही बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात मोठा जमाव जमला, दगडफेक झाली, दुकानांचं आणि वाहनांचं नुकसान झालं, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. आणि मग जिल्ह्याचं इंटरनेट बंद करण्यात आलं.

त्या स्टेटसबद्दल एक साधी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. व्हॉट्सॲपचं स्टेटस ज्यांच्याकडे आपला नंबर आहे आणि ज्यांचा नंबर आपल्याकडे आहे अशांनाच दिसतं, आणि 24 तासांत आपोआप पुसलं जातं. ते ओळखीच्या वर्तुळाबाहेर स्वतःहून जात नाही. शहरभर गेला तो स्क्रीनशॉट. कुणीतरी तो काढला, तालमीच्या ग्रुपवर टाकला, तिथून मंडळाच्या, तिथून पेठेतल्या दहा ग्रुपवर, आणि प्रत्येक वळणावर खाली एक ओळ चढत गेली, आदल्या ओळीपेक्षा तिखट. मूळ स्टेटस ठेवणारा दोषी असेल तर कायदा त्याच्यासाठी आहे. दगड उचलणाऱ्यासाठीही आहे. या दोघांच्या मधे उभं राहून आग पुढे ढकलणारे जे होते, त्यांच्याबद्दल आपण गप्प राहिलो आणि शिक्षा सबंध जिल्ह्याला झाली.

जिल्हा म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार 38 लाखांहून जास्त माणसं. शिवाजी चौकापासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या चंदगडच्या माणसाचा त्या जमावाशी काय संबंध होता? जून हा प्रवेशाचा महिना. फॉर्म ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन नेटवर्कशिवाय अंगठा घेत नाही. भाजीवालीच्या पाटीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला आहे आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या खिशात सुट्टे पैसे राहिलेलेच नाहीत. चप्पल लाईनमध्ये आज दुकानदार व्हिडिओ कॉलवर कापशी जोड हातात धरून आधी वरची वेणी दाखवतो, मग चप्पल उलटी करून तळाची शिवण दाखवतो, मग गिऱ्हाईक पायाचं माप कागदावर काढून त्याचा फोटो पाठवतं, पैसे यूपीआयने येतात आणि पार्सल कुरियरने जातं. हा सगळा धंदा एका सहीने थांबतो आणि त्याची भरपाई कुणी मागत नाही, कुणी देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंटरनेटवर ज्याचा हात चालतो, मग ते सरकार असो की कंपनी, त्याने कारण लेखी दिलं पाहिजे, ते लोकांना समजेल अशा भाषेत दिलं पाहिजे आणि आव्हान देता येईल अशा वेळेत दिलं पाहिजे. समाजमाध्यमांवर नियंत्रण हवं की नको, या वादात आपली दहा वर्षं गेली. नियंत्रण आहेच. ते कुणाच्या सहीने होतं आणि ती सही आपल्याला दिसते का, हा खरा प्रश्न आहे.

कायदा याबाबत मुका नाही. 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, कारण त्याशिवाय बाधित माणूस त्यांना आव्हान देणार कसा. बंदी गरजेपुरतीच हवी आणि बेमुदत बंदी चालणार नाही. नेटबंदीच्या 2017 च्या नियमांच्या जागी 2024 मध्ये नवे नियम आले; दोन्हींनुसार हा आदेश राज्यात गृह सचिवांनी काढायचा आणि पुनरावलोकन समितीने पाचेक दिवसांत तो तपासायचा. आता हिशेब करून बघा. आपल्याकडची बंदी बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांची असते. समिती बसेपर्यंत नेट परत आलेलं असतं, लोक कामाला लागलेले असतात आणि फाईलवर शेरा मारून विषय संपतो. लहान बंदीला प्रत्यक्षात कुणीच तपासत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा वापरायला सोपी जाते. कोल्हापूरनंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर 2023 मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसा झाली, माणूस मेला, आणि तिथेही पुन्हा इंटरनेट बंद. या उपायाने नेमकं काय साधलं याची तपासणी दोन्हीकडे व्हायला हवी होती. संसदेच्या माहिती तंत्रज्ञान विषयक स्थायी समितीने डिसेंबर 2021 च्या अहवालात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: देशात कुठे किती वेळा नेट बंद झालं याची नोंदच केंद्राकडे ठेवली जात नाही, आणि बंदीचा उपयोग होतो का याचा अभ्यासही झालेला नाही.

या शहराला लेखी कारणाची परंपरा नवी नाही. शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा राखीव जागांचा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला. त्यात नुसता हुकूम नाही. मागास वर्गांच्या शिक्षणासाठी आजवर केलेल्या प्रयत्नांना हवं तसं यश आलं नाही, याची खंत आधी नोंदवली आहे, मग कारण सांगितलं आहे, मग रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश आहे, आणि शेवटी प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तिमाहीला नेमणुकांचं पत्रक पाठवावं असं बजावलं आहे. म्हणजे निर्णय, त्याचं कारण आणि अंमलबजावणीचा हिशेब, तिन्ही एकाच छापील कागदावर. ज्याला मतं मागायला जायचं नव्हतं अशा राजाला प्रजेपुढे कारण मांडावंसं वाटलं. लोकशाहीत निवडून आलेल्या सरकारकडून त्याहून कमी का मागायचं?

आता पोलिसांची बाजू. ती मी हलक्यात घेत नाही. रात्री अकराला शंभर ग्रुपवर एकच स्क्रीनशॉट फिरतो, सकाळी चौकात माणसं जमणार असतात, ठाण्यात माणूसबळ तुटपुंजं असतं. अशा वेळी अधिकाऱ्याला काहीतरी करावं लागतं. अफवा जीव घेते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. ज्यांनी मारलं त्यांच्या खिशात आलेला व्हिडिओ खोटा होता. या घटनेनंतरही ‘सगळं मोकळं सोडा’ असं म्हणणाऱ्याशी माझं पटणार नाही.

पण राईनपाड्यानंतर कामाला आलेला उपाय कोणता, तेही पाहू. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. पुढे जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल 2020 मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं गेलं. यात कुणाचा संदेश कुणी वाचला नाही. कुणाचं नेट बंद झालं नाही. फक्त आग पसरायची वाट अरुंद झाली. सरकारचा दबाव कंपनीवर पडला आणि कंपनीने आपल्या यंत्रात बदल केला. नियमन करायचं ते असं, यंत्र बनवणाऱ्यावर. जिल्ह्याची वीज तोडल्यासारखं नेट तोडण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण त्यासाठी कंपनीशी भांडावं लागतं, तिच्याकडून आकडे मागावे लागतात, अभ्यास करावा लागतो.

पुराचे दिवस आठवा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आकडे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहेत. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. अशा रात्री राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कुठला रस्ता पाण्याखाली गेला, हे सगळं फोनवर येतं. प्रयाग चिखली, आंबेवाडीतलं घर सोडायचं की थांबायचं, हे लोक त्यावर ठरवतात. त्याच फोनवर दुसऱ्याच राज्यातल्या धरणफुटीचा जुना व्हिडिओही येतो आणि पळापळ होते. त्यावर कुणी नेट बंद करा म्हणत नाही. प्रशासन तासातासाला खरा आकडा देतं आणि खोट्याची हवा निघते. दंगलीच्या अफवेला हीच वागणूक का मिळू नये? नेट बंद झालं की अफवा थांबत नाही, ती तोंडी फिरते, आणि तिला खोडून काढणारा पोलिसांचा खुलासाच तेवढा लोकांपर्यंत पोचत नाही.

सरकारचा दुसरा आवडता उपाय म्हणजे ‘मूळ पाठवणारा शोधून द्या’. फेब्रुवारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर, म्हणजे देशात 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्यांवर, ही जबाबदारी टाकली गेली. व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिल 2024 मध्ये तर एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच संदेश वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, तोडायला लावलं तर आम्हाला इथून जावं लागेल असं न्यायालयात सांगितलं. एका अमेरिकी कंपनीची ही भाषा मला मुळीच आवडत नाही. पण प्रश्न कंपनीचा नाही, आपल्या कुलपाचा आहे, आणि कोल्हापूरच्याच उदाहरणावर तो तपासून बघावा. स्टेटस ठेवणारे कोण, हे शोधायला कुठलंही कुलूप तोडावं लागत नाही. स्टेटसवर नाव-नंबर असतोच. आणि स्क्रीनशॉटचा मूळ पाठवणारा कोण? ज्याने तो प्रथम काढला तो? ज्याने कापून, ओळ लिहून पुन्हा काढला तो? प्रत्येक नवा स्क्रीनशॉट यंत्राच्या दृष्टीने नवा संदेश असतो आणि त्याचा ‘मूळ’ माणूसही नवा. ज्या आगीसाठी हा नियम आणला तिथेच तो निकामी ठरतो. मात्र तो अमलात आणायचा तर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल: नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बहिणीला लिहिणाऱ्या बाईच्या, डॉक्टरला रिपोर्ट पाठवणाऱ्या रुग्णाच्या, साखर कारखान्यातला घोटाळा पत्रकाराला कळवणाऱ्या कारकुनाच्या. याच शहरात 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. माणूस काय बोलतो म्हणून त्याचा माग काढला जाणं, ही कोल्हापूरकरासाठी पुस्तकातली भीती नाही.

ग्रुप ॲडमिनला धरण्याचा मार्गही असाच. दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे. तरी सण जवळ आले की ॲडमिनना नोटिसा निघतात.

कंपन्यांना मी सोडत नाही. त्यांचा गुन्हा वेगळा आहे. 2021 मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यांत हिंदी आणि बंगालीतला द्वेषाचा मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणेअभावी बराचसा मजकूर पकडलाच जात नाही, अशी कबुली होती. हिंदीची ही अवस्था असेल तर पेठेतल्या मराठीतली शिवी, तिच्यातला जातीचा डंख आणि निव्वळ मैत्रीतली शिवी यांतला फरक कॅलिफोर्नियातल्या यंत्राला कसा कळणार? 2021 च्या नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना दरमहा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात मराठीचा स्वतंत्र रकाना सक्तीचा करा: मराठीतल्या किती तक्रारी आल्या, किती मराठी जाणणाऱ्या माणसांनी त्या पाहिल्या, किती दिवसांत. आणि एखाद्याची पोस्ट काढली तर कुठल्या नियमाखाली काढली, हे त्याला मराठीत कळवा. ‘आमच्या समुदाय मानकांचं उल्लंघन’ हे कारण होत नाही.

सरकारच्या बाजूनेही हाच पडदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली वेबसाइट किंवा पोस्ट ब्लॉक करण्याचे आदेश 2009 च्या नियमांनुसार गोपनीय ठेवले जातात. 2023 मध्ये तर सरकारबद्दलच्या बातमीतलं खरं-खोटं सरकारच्याच पथकाने ठरवायचं असा नियम आला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये तो रद्द केला, हे आपलं नशीब. त्याआधी कलम 66अ होतं. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. मधल्या काळात ते कलम वापरलं जात राहिलं, तेवढ्यात किती जण गप्प बसायला शिकले असतील.

लोकांचा आवाज या माध्यमातून किती लांब जातो, हे 2025 ने आपल्याला दोनदा दाखवलं. जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला भारताचं नाव न घेता मांडल्या. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेल्या या चपलेसाठी लोकांनी असा आवाज उठवला की कंपनीला भारतीय पादत्राणांचं ऋण मान्य करावं लागलं. जुलैअखेरीस नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या निकालानंतर वनताराला, म्हणजे जिओवाल्या रिलायन्सच्या गुजरातमधल्या प्राणी केंद्रात, गेली आणि शिरोळ तालुक्यातून उठलेली लाट जिल्हाभर पसरली: लाखोंच्या सह्या, मूक पदयात्रा, जिओचं सिम पोर्ट करून द्यायची मोहीम. न्यायालयाच्या निकालाबद्दल कुणाचं काहीही मत असो, ती माणसं संघटित झाली ती याच फोनवर. त्या आठवड्यात कायदा-सुव्यवस्थेच्या नावाखाली नेट बंद झालं असतं, तर कुणाला विचारायला गेलो असतो?

राहिला खाजगीपणा. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. व्यवहारात मात्र अंबाबाईच्या दर्शनाला आलेला भाविक खोली मिळवायला आधारचा फोटो लॉजवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तो फोटो पुढे कुणाच्या मोबाईलमध्ये किती वर्षं पडून राहतो याचा पत्ता कुणालाच नसतो. पतसंस्था, क्लास, दवाखाना, सगळीकडे तेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, बहुतेक तरतुदी त्यापासून 18 महिन्यांनी लागू होतील. त्यात एक फार चांगली तरतूद आहे: माहिती कशासाठी घेतो ही सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. हा हक्क लोकांना सांगितला पाहिजे, तालमीच्या फलकावर लिहिला पाहिजे. पण त्याच कायद्यात सरकारला सूट मिळण्याची मोठी दारं आहेत. माहिती फुटली तर कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड, आणि ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यात भरपाई नाही. वर माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती सरसकट नाकारायची सोय झाली, आणि हा बदल 18 महिने थांबलेला नाही; तो लगेच लागू झाला. व्यापक जनहिताचं कलम 8(2) अजून आहे, पण ते वापरायचं की नाही हे माहिती लपवणारंच खातं आधी ठरवणार. नागरिकाचं संरक्षण उद्यावर आणि अधिकाऱ्याचं आजपासून, हे मला मान्य नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून जास्त काळ आंदोलन केलं. नेटबंदीला आव्हान द्यायला आता मुंबईची गाडी पकडायला नको, पण याचिकेला जोडायला आदेशाची प्रत तर हवी. 2017 चे नियम आल्यापासून या सहा जिल्ह्यांत निघालेला प्रत्येक आदेश, त्यातलं कारण आणि पुनरावलोकन समितीचा शेरा, एवढं गृह विभागाकडे माहिती अधिकारात मागावं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. हा अर्ज वकिलांच्या संघटनेने करावा, व्यापाऱ्यांच्या संघटनेने करावा, आणि दोघांनी नाही केला तर कुठल्याही तालमीने करावा.